'ग्रुपवर टाकलंय की!'

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे तरकारीच्या गाड्या खाली होतात तेव्हा शाळेचे ग्रुप झोपलेले असतात. ते जागे होतात दुपारी आणि खऱ्या अर्थाने बोलके होतात रात्री. उद्या हिरवे कपडे, परवा आधार कार्डाची झेरॉक्स, सोमवारी फीचा शेवटचा दिवस. तोवर गाळ्यावर राबलेला हमाल जेवून आडवा झालेला असतो, कारण त्याला मध्यरात्रीनंतर पुन्हा उठायचं असतं. घरात फोन एकच, तोही त्याच्या उशाशी. सकाळी पोर नेहमीच्या गणवेशात जातं आणि हिरव्यागार वर्गात एकटंच वेगळं दिसतं. आई विचारायला गेली की उत्तर तयार असतं: 'ग्रुपवर टाकलंय की!'

टाकलं म्हणजे सांगितलं का?

मोबाइल यायच्या कितीतरी आधी न्यायदर्शनाने या प्रश्नाचा कीस पाडला आहे. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला नैयायिकांनी शब्दालाही प्रमाण मानलं. मात्र तो शब्द आप्ताचा हवा. मराठीत आप्त म्हणजे सोयराधायरा. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाचा आप्त निराळा आहे. त्याने गोष्ट स्वतः नीट जाणलेली असते आणि ती जशी आहे तशी दुसऱ्याला कळावी, या इच्छेने तो बोलतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू पडतं, असंही वात्स्यायन सांगतो. आप्तपण जन्मावर ठरत नाही. पदवीवर तर नाहीच नाही.

शाळांच्या डिजिटल सूचना अडखळतात त्या या इच्छेपाशी. मजकूर बहुधा बरोबर असतो, पण तो पाठवण्यामागे समोरच्याला कळावं या ओढीपेक्षा कळवल्याचा पुरावा राहावा ही काळजी मोठी असते. निळ्या टिका उमटल्या की जबाबदारी पालकाच्या दारात. अर्थात, याचा सगळा दोष शिक्षिकेवर ढकलणं अन्यायाचं होईल. तिच्याही फोनवर वरून लिंका येतात, फोटो मागितले जातात, माहिती 'आजच' भरायची असते. तिलाही कुणीतरी ग्रुपवरच टाकून मोकळं झालेलं असतं.

न्यायाच्याच परंपरेतल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त वाक्यातून अर्थबोध होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन गोष्टी लागतात. सन्निधी म्हणजे पदं विनाविलंब एकापाठोपाठ उच्चारणं. प्रहराप्रहराने एकेक शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्याच्या हाती वाक्य लागत नाही. अन्नंभट्टाने पालकांचा ग्रुप पाहिला नव्हता, पण त्याची अट तिथेही चालते: सूचना, तिच्याखाली 'ओके मॅडम'ची रांग, कुणाच्या वाढदिवसाचा केक, मग सूचनेतली दुरुस्ती. ग्रुप 'फक्त ॲडमिन'चा केला की गोंधळ थांबतो, आणि पालकाचा आवाजही.

टाकणं आणि सांगणं यांतला फरक बाजाराला कळतो. माल विकला की शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी मिळते; हल्ली तिचा फोटोही फोनवर येतो. आकडे डोळ्यांपुढे असूनही तो अडत्याला फोन लावतो. भाव का पडला, माल कसा दिसत होता, उद्या आणखी आणू का, हे पट्टीत लिहिलेलं नसतं.

कायद्यालाही पालक नुसता ऐकणारा नको होता. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित शाळांना मात्र ही अट नाही. त्याहून जुना दाखला यार्डापासून फार लांबचा नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची. दिवसभर राबणाऱ्याची सवड पाहून शाळेने आपली वेळ ठरवली.

यार्डातल्या फळ-तरकारी बाजाराची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. त्या दिवशी ठेवलेल्या पालकसभेला गाळ्यावरचा बाप झोप पुरी करून येऊ शकतो. प्रगतिपुस्तकात भागाकाराखाली लाल रेघ असते. तो मात्र सांगू शकतो की यार्डात भाव दहा किलोचा निघतो आणि त्यावरून पावशेराचा दर पोरगी बोटं न मोजता सांगते. ते त्याने स्वतः पाहिलेलं असतं, आणि बाईंना कळावं असंही त्याला मनापासून वाटत असतं.