टवके

माझं आजोळ नेवाश्याचं. प्रवरेच्या पात्रात पोहायला गेलो की गोट्यांमध्ये कधीमधी एखादा धारदार दगड पायाला लागायचा. मामा ओरडायचा, ‘टाक तो, पाय कापशील.’ तो दगड कुणीतरी मुद्दाम फोडलेला असू शकतो, हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाश्याला उत्खनन केलं आणि मध्य पुराश्मयुगातल्या टवक्यांच्या हत्यारांच्या एका परंपरेला ‘नेवासियन’ असं नाव पडलं. ज्या गावाची ओळख आम्हाला पैसाच्या खांबामुळे होती, ते गाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत टवक्यांसाठी गेलं, याची मला अजूनही गंमत वाटते.

टवका म्हणजे दगडावर घाव बसल्यावर उडतो तो तुकडा. गेली चौदा वर्षं मी फरिदाबादमध्ये हाच उद्योग करतो आहे. नोकरी वेगळी, हा छंद. सुट्टीच्या सकाळी मांडीवर जाड चामड्याचा तुकडा टाकायचा, त्यावर दगड धरायचा आणि घाव घालायचा. बाणाचं टोक करायचं तर शेवटचं बारीक काम घाव घालून होत नाही. लाकडी दांड्यात बसवलेल्या तांब्याच्या जाड तारेनं कडेवर दाब द्यावा लागतो. मग नखाएवढा टवका ‘टिक्’ करून सुटतो. परदेशातले लोक यासाठी सांबरासारख्या प्राण्यांची शिंगं वापरतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे तो व्यापार बंद आहे, म्हणून मी तांब्यावर भागवतो. पुराणवस्तूंचा कायदाही १९७२चाच. माझ्यासारख्याला दोन्ही बाजूंनी बांधणारं ते वर्ष.

सुरुवातीला मी बिअरच्या बाटल्यांचे बूड वापरायचो. काच आणि गारगोटी एकाच पद्धतीनं फुटतात. घावाच्या जागेपासून शिंपल्यासारखी वलयं उमटत जातात आणि टवक्याच्या पोटाला घावाखाली एक फुगवटा येतो. उन्हापावसानं, गाडीच्या चाकाखाली फुटलेल्या दगडाला असा फुगवटा सहसा नसतो. माणसाचा हात ओळखण्याची ही पहिली खूण. पण मी करत होतो काय, तर अमेरिकेतल्या तेरा हजार वर्षांपूर्वीच्या क्लोव्हिस टोकांच्या नकला, त्याही हरियाणातल्या गच्चीवर. आपल्याकडच्या मध्याश्मयुगातल्या लोकांनी असली देखणी मोठी टोकं फारशी केलीच नाहीत. त्यांनी चंद्रकोरीएवढे, त्रिकोणी, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे केले आणि ते लाकडात ओळीनं बसवले. ते करून पाहिल्यावर क्लोव्हिसची नक्कल मला उगाच मिरवणं वाटू लागली.

मग मी दिल्लीच्या दगडाकडे वळलो. अरवलीचा क्वार्टझाइट चिवट असतो. त्याचं बाणाचं टोक होत नाही, पण हातकुऱ्हाड होते. तीच इथं लाखो वर्षांपूर्वी होत होती. १९५६ साली सुरजित सिन्हा यांना दिल्ली विद्यापीठाच्या फाटकाजवळच्या रिजवर अश्मयुगीन हत्यारं सापडली. फरिदाबादच्या अनंगपूर परिसरात तर पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खननच केलं. माझ्या घरापासून हे सगळं स्कूटरच्या अंतरावर. दोन हिवाळे मी डोंगरात एका घळीच्या तोंडाशी बसून काम केलं. तिथलेच सुटे दगड घ्यायचे, प्रवरेचा गोटा हातोडा म्हणून वापरायचा, हातकुऱ्हाड जमली तर पिशवीत टाकायची. तिच्यावर मी अणकुचीदार पेनानं नाव आणि तारीख कोरतो. कुणाला भेट दिली तरी ती कुठे जुनी म्हणून विकली जाऊ नये. या बाबतीत मी स्वतःला फार सज्जन समजत असे. फ्लिंट जॅक या टोपणनावाचा एक इंग्रज एकोणिसाव्या शतकात खोटी हत्यारं करून संग्रहालयांना विकायचा. १८६२ साली लंडनमध्ये त्यानं विद्वानांच्या सभेत, सगळ्यांसमोर, दोन-चार घावांत बाणाची टोकं घडवून दाखवली. मी कुणाला काही विकत नव्हतो, म्हणून मी जॅक नव्हतो. इतका सोपा हिशेब होता.

टवक्यांवर मात्र मी तारीख कोरत नव्हतो. एका हातकुऱ्हाडीमागे शंभरेक टवके सहज पडतात. ते मी तिथंच सोडले.

पुढे एक वर्ष आजारपणात गेलं. पुन्हा त्या घळीकडे गेलो, तर एक मुलगी दोरी आणि वही घेऊन बसलेली. संशोधन करत होती. मला म्हणाली, ‘अंकल, हे बघा.’ तिच्या हातातल्या टवक्यात गंजाच्या रंगाची एक शीर तिरपी गेली होती. तो दगड मी दोन रविवार झगडून फोडला होता. शीर आडवी आली की टवका अर्ध्यात तुटायचा, हे माझ्या मनगटाला आठवत होतं. ती फुगवट्यावर बोट फिरवत होती. मी म्हणालो, ‘छान आहे.’ तिनं तो कागदात गुंडाळून पिशवीत टाकला, पिशवीवर आकडा लिहिला. मी घरी आलो.

त्या ‘छान आहे’चा मी तीन आठवडे विचार केला. खोटं त्यात काही नव्हतं. टवका छानच होता. स्वतःची बाजू मांडायची तर बरंच होतं. मी तो तिला दिला नव्हता, जुना आहे असं म्हटलं नव्हतं. जाणकार माणूस ताजी कड ओळखतो. खऱ्या जुन्या टवक्यावर रंगाचा थर चढलेला असतो, कडा बोथटलेल्या असतात. आणि एवढा सगळा डोंगर खाणींनी आणि खडी क्रशरांनी खाल्ला, न्यायालयाला २००२मध्ये आणि पुन्हा २००९मध्ये खाणबंदी करावी लागली, तिथं माझ्या मूठभर टवक्यांचं काय घेऊन बसायचं? हा शेवटचा मुद्दा मला बरेच दिवस पटत होता. पण क्रशर पान फाडून नेतो आणि पान फाटलंय हे सगळ्यांना दिसतं. मी त्या पानावर, जवळपास त्याच अक्षरात, ओळी लिहून ठेवल्या होत्या.

शेवटी तिचा विभाग शोधून काढला आणि गेलो. सगळं सांगितलं. ती रागावली नाही, त्याचंच जास्त ओझं झालं. म्हणाली, तीन टवक्यांबद्दल तिला आधीच शंका होती. मग तिनं त्या जागेवरचे अकरा टवके टेबलावर मांडले आणि विचारलं, ‘यातले तुमचे कोणते?’

चार मी लगेच उचलले. शिरेचा, आणि त्याच दगडाचे आणखी तीन. पाचव्याशी अडलो. कड ताजी नव्हती, पण दोन पावसाळे आणि दिल्लीची धूळ खाल्लेली माझीही कड अशी दिसू शकते. मी ज्या पद्धतीनं घाव घालतो ती त्यांच्याकडूनच शिकलोय, आणि ती जमावी म्हणूनच इतकी वर्षं घालवली आहेत. मला माझा हात ओळखता येईना. सहावा माझा नसावा असं वाटलं. ‘वाटलं’ हे तिच्या वहीत लिहिता येण्यासारखं नव्हतं.

तिनं ती जागाच प्रबंधातून वगळली. माझी समजूत होती की नकलेचा धोका म्हणजे खोटं खऱ्यात शिरणं. इथं उलट झालं. अकरांपैकी पाच-सहा तरी खरे असतील. ज्यानं कुणी ते फोडले, त्याचा त्या घळीतला तेवढाच पुरावा होता आणि तो माझ्यामुळे साक्षीला बाद झाला. सभ्य माणूस साक्षीदार फोडत नाही, पण त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्यासारखंच बोलत राहिला तरी परिणाम तोच होतो. हेतूचा प्रश्न इथं कामाला येत नाही. जॅकचा हेतू वाईट होता, म्हणून त्याला पकडता तरी आलं.

हा छंद मी सोडावा का? एका मित्राचं मत, सोडावा. मला ते पटत नाही. हातानं करून पाहिल्याशिवाय दगडाच्या कडेचा कोन किती लागतो, कड आधी का घासावी लागते, हे पुस्तकातून कळत नाही. मात्र करून पाहिल्यानं ‘असं करता येतं’ एवढंच सिद्ध होतं, ‘त्यांनी असंच केलं’ हे नाही. शिवाय ज्यांचं हे पोट आहे त्यांच्याकडे पाहिलं की माझा उत्साह थोडा ओशाळतो. खंबातचे अकीक कारागीर दगड भाजून, जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर टेकवून, शिंगाच्या हातोडीनं अजूनही मणी घडवतात. त्या धंद्यातल्या धुळीनं कित्येकांची फुप्फुसं गेली आहेत. मी तोंडाला मास्क लावून, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, हौसेनं तेच करतो.

आता डोंगरात बसत नाही. गच्चीवर ताडपत्री अंथरतो, काम झालं की ती झटकून सगळे टवके गोणीत भरतो. गोणी भरली की आत चालू वर्षाचं एक नाणं टाकतो. हा रिवाज परदेशातल्या छांदिष्टांचा. हजार वर्षांनी कुणी तो ढीग उकरला, तर नाणं बघून तारीख कळावी.

गेल्या महिन्यात मलबा नेणारा आला. गोणी खांद्यावर घेऊन जिना उतरला आणि पाच मिनिटांनी परत वर आला. गोणीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून पडलेलं पाच रुपयांचं नाणं त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाला, ‘बाबूजी, आपका सिक्का गिर गया था.’