परिसराचे ऋण कोणी फेडावे?

मुलास त्याच्या गावची खाडी व किनारा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे काय, असे कोणी विचारल्यास बहुतेक सुशिक्षित गृहस्थ तत्काळ 'होय' म्हणून मोकळे होतील. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो. हा प्रश्न आपण पुरता विचारलेलाच नाही, अशी शंका आम्हांस प्रथम उत्तनच्या किनाऱ्यावर आली.

भाईंदर स्थानकाहून पश्चिमेस निघाले की मिठागरे, खाजणे व तिवरांची झाडी लागते आणि पुढे डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही गावे येतात. वसईच्या मोहिमेत (1737–39) मराठे व पोर्तुगीज ज्या धारावी किल्ल्यासाठी झगडले, तो चौकजवळच. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. तेथे एका वृद्ध कोळ्याने आम्हांस भरतीचा हिशेब शिकविला. तिथीची पाऊणपट करावी, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस बाराच्या सुमारास. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे जे आम्ही पुस्तकात वाचले, ते या गृहस्थाच्या घरी पाऊण तासाच्या हिशेबाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. त्याचा नातू मात्र भरती-ओहोटीची कारणे परीक्षेपुरती पाठ करतो, आणि आजोबा जे सांगतात ते हेच, अशी त्यास कल्पनाही नसते.

हे शाळेत शिकविले पाहिजे, असे आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो. जवळच मासळी निवडीत बसलेल्या त्या मुलाच्या आईने मान वर न करताच उत्तर दिले, "ते घरी येतंच की, सर. शाळेत घातलाय तो होडीवर जायला लागू नये म्हणून."

यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते. आमच्या वडिलांनी आम्हांस इंग्रजी शाळेत घातले तेही आम्ही गावी राहावे म्हणून नव्हे. स्वतः शिडी चढून गेल्यावर दुसऱ्याच्या मुलास 'तू खालीच रहा, तेथे देखावा फार सुंदर आहे' असे सांगणे यास परिसरप्रेम म्हणत नाहीत. शाळेने त्या मुलास आजोबांच्या विद्येची लाज वाटू देऊ नये, एवढे आम्ही मागू शकतो. ती विद्या त्याने आमच्याकरिता जतन करावी, हे मागू शकत नाही.

मग हे ऋण कोणाचे? मीरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 साली झाली, महानगरपालिका 2002 साली. 2001 च्या जनगणनेत येथे सुमारे 5 लाख 20 हजार माणसे होती, 2011 मध्ये 8 लाखांवर गेली. ती माणसे राहावयास कोठे गेली? पुष्कळशी सखल जमिनीवर, खाजणांच्या कडेला भराव घालून उभ्या केलेल्या इमारतींत. आम्हीही तशाच एका इमारतीत राहतो. तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि मासळीच्या पिलांस आसरा देतात. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरच घाला होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली म्हटले. ज्याच्या खिडकीखाली ती तिवरे होती व आता नाहीत, त्याच्या मुलास ती ठाऊक नसणे हे आम्हांस कोळ्याच्या मुलाच्या अज्ञानाहून कितीतरी अधिक दोषास्पद वाटते. खाडीचा पहिला पाठ सातव्या मजल्यावरच्या मुलास दिला पाहिजे.

असे शिक्षण म्हणजे वहीत चिकटविलेल्या चार पानांचा खेळ होईल, असा आक्षेप येईल, आणि तो निम्मा खरा आहे. ज्याचे पोट भरतीवर अवलंबून नाही, त्यास भरती कशी कळावी? तथापि पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. भरतीच्या वेळी मोठी सर आली की नाल्यांतील पाण्यास खाडीत वाट मिळत नाही व ते मागे फिरते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून तरी हे या बाजूच्या कोणासही नवीन नसावे.

गेल्या श्रावणात आमच्या आवारात पाणी चढू लागले. आम्ही दिनदर्शिका पाहिली, द्वितीया होती. पाऊणपट दीड. घड्याळात साडेबारा वाजले होते. अजून तासभर तरी पाणी ओसरणार नाही, मोटारी रस्त्यावरच्या उंचवट्यावर न्या, असे आम्ही रखवालदारास सांगितले, आणि तसेच झाले. सायंकाळी शेजारच्या मुलाने, हे तुम्हांस कोणी शिकविले, म्हणून विचारले. उत्तनच्या एका कोळ्याने, असे आम्ही म्हणालो. त्यांचे नाव काय, असे त्याने पुढे विचारले. ते आम्ही त्या दिवशी विचारलेच नव्हते.