खाल्ल्या मिठाची श्रद्धा

दिवाळीच्या फराळाबरोबर वाढावा असा हा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. चकलीचा तुकडा तोंडात असताना दुसऱ्याच्या धर्माची चर्चा कोणाला रुचणार? पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास चारोळ्यांची एक पुरचुंडी माझ्या डोळ्यांपुढे येते, आणि ती आली की हा विषय येतोच. तेव्हा वाचकांनी तो गोड मानून घ्यावा. निदान चारोळ्या तरी गोडाच्याच असतात.

मी आता कळसाडीला राहतो. नोकरी संपल्यावर इथे आलो. या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, आणि हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते. ती पाहत ओट्यावर बसणे हा माझा उद्योग. त्यापूर्वी सत्तावीस वर्षे मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात इतिहास शिकवला, आणि त्यांतली वीसएक वर्षे दर शुक्रवारी संध्याकाळी, माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत, ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे एक मंडळ चालवले.

चालवले हा शब्द जरा मोठाच झाला. दहा-पंधरा मुले यायची. नवापूरकडची ख्रिस्ती घरची मुले असत, तशीच कुठल्याच देवळाशी फारसा संबंध नसलेलीही असत. आम्ही शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचावयाचा, त्यावर बोलावयाचे, रेव्हरंड टिळकांची दोन-तीन गीते ढोलकीवर म्हणावयाची, आणि मग माझी पत्नी सर्वांना खिचडी वाढावयाची. कोण गीतांसाठी येतो नि कोण खिचडीसाठी, हे मी कधी विचारले नाही. घर सोडून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला शुक्रवारच्या संध्याकाळी कुठेतरी जावेसे वाटते, आणि कोणीतरी आपले नाव घेऊन हाक मारावी असे वाटते. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या कापडाच्या दुकानातल्या एका तरुण नोकराने आपल्यासारख्याच तरुणांना जमवून वाय. एम. सी. ए. सुरू केली, तीही मुळात याच एकटेपणावर. पुढे १८९५ साली स्वीडनमधल्या वाडस्टेना येथे देशोदेशींच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा संघ निघाला. आपल्याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता सांगून टाकू, अशी त्या काळच्या विद्यार्थ्यांची हिंमत होती. त्या हिमतीचे मला अजूनही कौतुक वाटते. तिच्यातल्या घाईची मात्र अलीकडे भीती वाटते. ती का, तेच सांगावयाचे आहे.

१९८६ सालची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा भिल्ल मुलगा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. मुलगा हुशार, आणि अबोल. शिष्यवृत्तीचे पैसे अडकले नि मेसवाल्याने त्याचे ताट बंद केले. मला कळले तेव्हा मी सहा महिन्यांचे बिल भरून टाकले. ९६० रुपये झाले. त्यानंतर तो दर शुक्रवारी येऊ लागला, सर्वांच्या आधी येऊन सतरंजी घालू लागला, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एके दिवशी म्हणाला, "सर, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे."

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. इतक्या वर्षांच्या मंडळात आपण होऊन असे म्हणणारा तो पहिलाच.

सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी त्याचा बाप आला. पायात टायरच्या चपला, डोक्याला मळकट फडके, हातात चारोळ्यांची पुरचुंडी. दारातच त्याने "आप की जय" केला. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की १९३०नंतरच्या दशकात तळोद्याच्या बाजूला गुला महाराज नावाचे एक भिल्ल सत्पुरुष होऊन गेले. त्यांच्या शब्दावर हजारो आदिवासींनी दारू सोडली, स्नानादिकांचे नियम धरले. एकमेकांना 'आप' म्हणून मान द्यावयाचा ही त्या पंथाची खूण. या माणसाच्या बापाने त्या वेळी आप धरला होता.

खुर्ची दिली तरी तो उंबऱ्याशीच बसला. चहा प्याला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मास्तर, पोराचं किती झालं?"

मला वाटले, मार्क विचारतो आहे. मी म्हटले, "अजून परीक्षा व्हायची आहे, दादा."

"तसं नाही. उचल किती झाली? आणि किती सालं धरणार त्याला?"

ज्यांना 'उचल' नि 'साल' हे शब्द केवळ पुस्तकातून माहीत आहेत, त्यांना या प्रश्नाचा चटका कळावयाचा नाही. आमच्याकडे आखाजीला सालदाराचे साल ठरत असे. लग्नाला, आजारपणाला मालकाकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबावयाचे. फिटली नाही तर पुढल्या आखाजीला तेच साल पुढे चालू. कित्येकदा बापाची उचल पोराने फेडली. हा माणूस स्वतः अकरा वर्षे सालदार होता. कोणी आपल्या माणसाचे पैसे भरतो तेव्हा तो माणूस त्याचा होतो, एवढा हिशेब त्याला जगाने शिकवला होता.

"उचल नाही हो, दादा. मदत केली," मी म्हटले.

"उचल देताना मालकपण तेच म्हणतो," तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. मग जरा थांबून विचारले, "धर्म बदलला तर तेवढ्यात फिटतं का?"

मी इतिहासाचा मास्तर. माणूस अडचणीत सापडला की दाखला शोधतो. मला पहिल्यांदा आठवला तो १८४३ सालचा मुंबईचा खटला. मिशनच्या शाळेत शिकणारे नारायण आणि श्रीपत शेषाद्री हे दोघे ब्राह्मण भाऊ. नारायणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत बाराएक वर्षांचा. तोही नेस्बिट या मिशनरीच्या घरी जाऊन राहिला. बाप कोर्टात गेला आणि सुप्रीम कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. पुढे मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवलेल्या त्या पोराला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून सारी मुंबई पेटली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. वर्गात हे शिकवताना मी नेहमी बाळशास्त्र्यांची थोरवी सांगत असे. नेस्बिट साहेबाच्या घरात त्या पोराच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो ख्रिस्ताच्या ओढीने तिथे राहिला की प्रेमळ गुरुजींच्या? आणि बारा वर्षांच्या पोराला यांतला फरक कळतो काय? बाराच कशाला, एकोणीस वर्षांच्या पोराला तरी कळतो काय?

कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले, की आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे. बळजोरी, लालूच, फसवणूक यांना कायदा नावे देऊ शकतो. पण मी लालूच दाखवली नव्हती. बिल भरताना माझ्या मनात बाप्तिस्म्याचा विचारही नव्हता. पोराला भूक लागली होती, माझ्या खिशात पैसे होते. यात गुन्हा तो कुठला? तरीही त्या मुलाच्या 'हो'मध्ये खाल्ल्या मिठाला जागणे किती नि श्रद्धा किती, हे मला सांगता येईना. आणि मुख्य म्हणजे, त्यालाही सांगता आले नसते.

टिळकांचे मला त्या वेळी फार आठवले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. स्टेशन आले, वाटा वेगळ्या झाल्या. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाने टिळकांना जेवू घातले नव्हते, नोकरी दिली नव्हती, पुढे विचारपूसही केली नाही. पुस्तक दिले नि तो बाजूला झाला. शिकवणाऱ्याने असेच बाजूला व्हावे, असे मला वाटू लागले. पण हीही एक बाजूच. टिळकांच्या त्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी वर्षानुवर्षे मोजली. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ते सांगावयास नको.

शिवाय मी कोणत्या तोंडाने बोलणार होतो? माझी आजी बाळंतपणात मरावयास टेकली होती. मिशनच्या दवाखान्यात ती वाचली, आणि त्यानंतर वर्षभरात आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या घरी हे मोठ्या अभिमानाने सांगत. कृतज्ञतेतून आलेली श्रद्धा खोटी म्हणावी, तर माझे सारे घराणे उचलीवर उभे आहे! आणि ख्रिस्ताने तरी पाच भाकरी नि दोन मासळ्यांवर हजारोंना जेवू घातलेच ना? मात्र तिथेच पुढे असेही लिहिले आहे, की दुसऱ्या दिवशी लोक शोधत आले तेव्हा, तुम्ही भाकरी खाल्ली म्हणून आला आहात, असे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. पहिली गोष्ट मी मंडळात अनेकदा वाचली होती. दुसरी क्वचितच वाचली असेल.

मी मुलाला बोलावले आणि सांगितले, "घाई करू नकोस. पदवी होऊ दे, चार पैसे मिळवायला लाग. त्यानंतरही असेच वाटले तर मी स्वतः तुला पाळकांकडे घेऊन जाईन."

मला वाटले होते, त्याला बरे वाटेल. तो कितीतरी वेळ खाली पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, वकिलाच्या पोराने विचारलं असतं, तर त्याला तुम्ही थांबवलं असतं का?"

मी गप्प राहिलो.

"माझ्या पोटात तुमचं अन्न आहे म्हणून माझं बोलणं खोटं? मग गरिबानं विश्वास ठेवायचाच नाही का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. बापाने मला सावकार ठरवले होते. पोराने ठरवले, की मी त्याला माणूस मानले नाही. दोघांचेही म्हणणे मला खरे वाटते. दोघांपैकी एकाला पारडे झुकवता आले असते तर मी सुखाने झोपलो असतो.

मी माझ्यापुरता एक तोडगा काढला, तोही हास्यास्पद. पुढल्या शुक्रवारपासून खिचडी बंद केली. पंधरा मुलांची सहा झाली. चौथ्या शुक्रवारी माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली ती पातेले घेऊनच. "तुमचं मन शुद्ध राहावं म्हणून पोरांनी उपाशी झोपायचं का? खिचडी माझी आहे. तिला धर्म नाही," असे म्हणून तिने ताटे मांडली. मला वाटते, त्या दिवशीची तिची खिचडी हेच आमच्या मंडळातले सर्वांत चांगले प्रवचन झाले. पण पुढे विचार करता तेही पुरते पटत नाही. तिच्या खिचडीला धर्म नव्हता, पण ज्या भिंतीखाली ती वाढली जाई तिच्यावर क्रूस होता.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार काही रुजला नाही. मला ही कल्पना त्या मुलाला सांगता आली असती. सुचली तेव्हा तो मंडळात येईनासा झाला होता. वर्गात मात्र पहिल्या बाकावर बसे, प्रश्नाला उत्तर देई. शुक्रवारी सतरंजी मी घालू लागलो.

तो पदवीधर झाला, आश्रमशाळेत मास्तर झाला. पहिल्या पगारानंतर ५० रुपयांची मनिऑर्डर आली. कूपनावर एकच शब्द होता : 'उचल'. मी परत पाठवणार होतो, पत्नीने हात धरला. दर दिवाळीला पन्नास, कधी शंभर, असे येत राहिले. शेवटच्या हप्त्याला फक्त साठच रुपये हवे होते, तेवढेच आले. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. त्या कूपनावर 'फिटली' असे लिहिले होते. त्या दिवशी मला हायसे वाटावयास हवे होते. मी दिवसभर कोणाशी बोललो नाही.

त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. तो बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला की बापाच्या 'आप'मध्येच राहिला, की दोन्ही सोडून नुसता मास्तर झाला, मला माहीत नाही. त्याच्या तालुक्याचे कोणी भेटले की प्रश्न जिभेवर येतो. पण विचारणे म्हणजे पुन्हा वहीत त्याचे नाव काढणे, असे वाटून मी पाऊसपाण्याचे विचारतो. पत्नी म्हणते, "अहो, उचल फिटली ना? आता सरळ एक कार्ड टाका. नुसतं बरं आहे का, एवढं विचारा." गेल्या वसुबारसेला तिने कार्ड आणून दिले आहे. पत्ता लिहून झाला आहे, 'चि.' लिहून झाले आहे. इथे, ओट्यावर, चष्म्याच्या घरात ठेवले आहे.