औषध घ्यावे की न घ्यावे?

उन्माद आणि विषाद या दोन टोकांमध्ये मनास आलटून पालटून नेणारा द्विध्रुवीय मनोविकार आपल्या सभासद कुटुंबांतही असू शकतो. लोकलज्जेमुळे त्याचा उच्चार होत नाही, इतकेच. अशा रुग्णापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो: बरे वाटत असता औषध का घ्यावे? आम्हांस हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच नीतीचा वाटतो.

रुग्णाचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. उन्मादाच्या आरंभी उत्साहास भरती येते, झोप नसली तरी थकवा जाणवत नाही, कल्पना सुचतात. गोळीने ते तेज मंदावते, ‘मी मी राहत नाही’, असे तो म्हणतो. शिवाय औषधाचे मोलही द्यावे लागते. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावर गुणकारी म्हणून पुढे आणलेले लिथियम आजही प्रमुख औषधांपैकी एक आहे. परंतु त्याने तहान वाढते, हात कापू शकतात, आणि मूत्रपिंड व थायरॉईड ग्रंथी यांसाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते.

तथापि दुसरे पारडे अधिक जड आहे. उन्मादातील तेजास ‘मी’ म्हणावे, तर त्यामागून येणारा अंधारही ‘मी’च मानावा लागेल. शिवाय ज्या बुद्धीने निर्णय करावयाचा, तिलाच हा विकार ग्रासतो. लिथियमने आत्महत्येचा धोका घटतो. ते एकाएकी सोडल्यास विकार उलटण्याचा संभव वाढतो. म्हणून निर्णय मन स्थिर असताना करावा, आणि औषधात बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. अर्जुनाचा विषाद उपदेशाने निवळला. पण प्रत्येक विषाद त्या जातीचा नसतो. मधुमेही मनुष्य देवदर्शन करून इन्सुलिन घेतो, त्यात श्रद्धेची उणीव कोणी पाहत नाही.

आता घरच्या मंडळींविषयी. जेवणात गोळी लपवून देणे आम्हांस अनुचित वाटते. त्याने अन्नावरचा आणि आप्तांवरचा विश्वास उडतो. पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, व आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सज्ञान व्यक्तीस दिला आहे. शांत दिवसांत सर्वांनी एकत्र बसून असा लेख करावा. आमचा कौल औषध घेण्याच्या बाजूने आहे. मात्र तो निर्णय रुग्णाने समजून उमजून केलेला असावा, इतकीच विनंती.