ओळख कुणाची?

'मी कोण?' या प्रश्नावर शंकराचार्यांनी भाष्यं लिहिली. आम्हां बँकवाल्यांकडे त्यासाठी एक चौकोन होता. पूर्वी खातं उघडायला 'ओळख' लागे. म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात, हे दुसऱ्या खातेदारानं सही करून सांगायचं. तुम्ही स्वतः कितीही घसा फोडून सांगितलंत तरी उपयोग शून्य! कुणी हसेल, पण मला ही पद्धत मराठी भाषेला धरूनच वाटते. आपल्याकडे ओळख असते ती दुसऱ्याशी. एकट्याची कशी व्हायची?

गिरगावात जन्मलेल्या माणसाला विचारा, 'तुम्ही कुठले?' तो म्हणणार, 'राजापूरचे.' राजापूरला तो एकदाच गेलेला, तोही मुंजीला. राजापुरात विचाराल तर तो मुंबईवाला, आणि दादरला बिऱ्हाड हलवलं की जन्मभर गिरगावकर!

हे झाले चोचले. खरी पंचाईत लालबाग-परळची. तिथं कुठली गिरणी, कुठलं खातं, कुठली पाळी, एवढं सांगितलं की माणूस पुरा झाला. 'साचेखात्यात आहे' म्हटल्यावर मुलीचा बाप पुढचं विचारत नसे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि पुष्कळांना परत आत जायला गिरणीच उरली नाही.

असेच एक काका आमच्या शाखेत खातं उघडायला आले. संपाला वीस वर्षं उलटून गेलेली. 'व्यवसाय' या रकान्यात ठसठशीत लिहिलेलं : गिरणी कामगार. आमचे साहेब म्हणाले, "काका, निवृत्त लिहा."

"मी कुठं निवृत्त झालो, साहेब? गिरणी झाली."

साहेबांनी मुकाट्यानं शिक्का मारला.

पुढे गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं. 2012 च्या म्हाडाच्या सोडतीत घरं 6,925 आणि अर्जदार लाखाच्या वर. अट अशी, की 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीत होतो याचा कागद दाखवा. (एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं 2018 साली प्रभादेवी झालं, तेव्हा बिचाऱ्या स्टेशनाला ट्रंक उपसावी लागली नाही.) अर्ज भरायच्या दिवसांत काका काउंटरवर आले. "तुमच्याकडं लिहून दिलंय ना मी? त्याची नक्कल द्या."

त्या नक्कलेला तिथं कोण विचारणार? तरी मी फॉर्म शोधून काढला. 'ओळख देणाऱ्याची सही' या चौकोनात त्यांच्याच खात्यातल्या, शेजारच्या साच्यावरच्या जोडीदाराची सही होती. त्याचा व्यवसायही तोच लिहिलेला.