‘सारखा’ ह्या शब्दाविषयी

अलंकार म्हणजे दागिना. कवितेतल्या देखण्या बोलण्याला हे नाव ज्यांनी दिलं त्यांच्या घरात दागिने होते. आमच्या आज्या-पणज्यांच्या अंगावरही दागिना होता, पण कथलाचा. तो बघून बाई कुठल्या वस्तीतली ते लांबूनच कळायचं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की अंगावरच्या ह्या ओळखीच्या खुणा टाकून द्या. म्हणून भाषेतला दागिनाही घालण्याआधी तपासावा. ही शोभा आहे, का खूण?

मी डहाणू रोडला पोरांना मराठी शिकवतो. पुस्तकातली व्याख्या सोपी आहे. जिचं वर्णन करायचं ती वस्तू उपमेय. जिच्याशी तुलना करायची ती उपमान. मधे ‘सारखा’ किंवा ‘जसा’ आला की उपमा. हा मधला शब्द काढून दोन्ही एकच मानली की रूपक. उपमान नेहमी नावाजलेलं लागतं, चंद्र, कमळ, सिंह. आता रोजच्या तोंडातलं उपमान बघा. ‘मांगासारखा निर्दय’ असं माणसं सहज बोलून जातात. फाशी द्यायचं काम गावगाड्यानं मांगाच्या गळ्यात बांधलं आणि वर त्यालाच क्रौर्याचं उपमान केलं. फाशीचा हुकूम देणारा मात्र कधी उपमान झाला नाही.

दुसरा अलंकार व्याजोक्ती. खरं कारण लपवून भलतंच कारण पुढं करणं. ह्याचं उदाहरण शोधायला इथं कवितेचं पुस्तक उघडावं लागत नाही. डहाणू-तलासरीत ‘लग्नगडी’ हा शब्द होता. ऐकायला कसा हळदीचा वाटतो! वारली पोरगा लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचा, आणि मग नवराबायको दोघं त्याच्या घरी, शेतावर राबायची. वर्षानुवर्षं. कर्ज फिटायचंच नाही. सांगायचं कारण कर्ज, खरं कारण गुलामी. व्याज म्हणजे बहाणा आणि व्याज म्हणजे पैशावरचा पैसा. एका शब्दाचे दोन अर्थ, म्हणून हा श्लेषही झाला. सावकार अलंकारशास्त्रात पक्का होता.

चेतनागुणोक्ती म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं वर्णन करणं. पण निर्जीव कोण, हे कोण ठरवणार? वारल्यांची कणसरी म्हणजे धान्य, आणि तीच देवी. लग्नात धवलेरी गाते, चौकात पालघाट देवी लिहिली जाते, त्याशिवाय लग्न लागत नाही. पुस्तक ह्याला कल्पना म्हणेल. तिच्या लेखी ते जग आहे तसं सांगणं आहे.

आणि अतिशयोक्ती. आहे त्यापेक्षा फुगवून सांगणं. आमच्या लिहिण्यावर हा शिक्का कायम तयार असतो. ‘इतकं कुठं असतं का हो?’ अरे, तुमच्या अनुभवाची पट्टी आखूड आहे, त्याला आम्ही काय करणार? गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आलं. ते गद्य आहे, हकिकत आहे. शहरातल्या वाचकाला त्यातली पानं फुगवलेली वाटतील. इथल्या म्हाताऱ्यांना ती कमी वाटतील.

इथपर्यंत आपली-त्यांची वाटणी सोपी होती. खरा प्रश्न पुढं आहे, आणि तो आपल्याच घरातला आहे.

संध्याकाळच्या गाडीनं परतणारा कारकून म्हणतो, ‘आम्ही साले वेठबिगार.’ महिन्याला पगार घेतो, रविवारी सुट्टी घेतो, आणि रूपक करतो. त्याला हसणं सोपं आहे. पण मी? मी गावकुसाबाहेरचा, जंगलातला नाही. येसकरकी माझ्या आजोबांची, वेठ वारल्याची. कवितेत जोर यावा म्हणून ‘मी वेठीचा वारली’ असं मी लिहू का? मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत हजारो वारल्यांनी ठरवलं की वेठ करायची नाही. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण मेले. ती माणसं मेली ती माझ्या ओळीला उपमान मिळावं म्हणून नव्हे.

कुणी म्हणेल, दु:खाला मालकी कसली? दलित, आदिवासी सगळे एकच. मोर्च्यात एकच, कबूल. पण एक म्हणता म्हणता ज्याचा आवाज मोठा त्याचंच नाव उरतं. रूपकात असंच होतं, उपमेय आणि उपमान एक होतात आणि बोलणारा शिल्लक राहतो. उपमेत मात्र ‘सारखा’ हा शब्द दोघांच्या मधे उभा असतो. तो म्हणतो, ह्याचं त्याच्याशी साम्य आहे, पण हा तो नव्हे. दोघं शेजारी बसतात, कुणी कुणाच्या मांडीवर नाही.

म्हणून माझं मत असं. स्वत:च्या दु:खाचं खुशाल रूपक करा. दुसऱ्याचं घ्यायचं तर आधी ते त्याच्या नावानं, त्याच्या साल-तारखेसकट सांगा, आणि मग ‘सारखा’ म्हणा. इथं खावटीचं भात उसनं नेणाऱ्याला ते वाढवून परत करावं लागायचं. ती सावकाराची लूट होती. पण उपमान उसनं नेणाऱ्या कवीला हा कायदा लागू करायला हरकत नाही.