यंत्राचा हात आणि जबाबदारी

तुंगार्ली येथील एका बंधूने आम्हांस विचारिले की, शहरांत हल्ली रोबोट शस्त्रक्रिया करितो म्हणतात, तर यंत्राच्या स्वाधीन देह करावा काय?

प्रथम समजूत नीट करून घ्यावी. अमेरिकेत २००० साली मान्यता पावलेले 'दा विंची' यंत्र आपण होऊन काही कापीत नाही. सर्जन बाजूस बसून मुठी हालवितात. त्यांच्या हाताची थरथर गाळून यंत्राचे बारीक हात तीच हालचाल देहात करितात. तेव्हा यश व दोष दोन्ही त्या सर्जनाचेच.

परंतु २०१७ साली चीनमधील शीआन शहरी एका यंत्राने एका स्त्रीच्या जबड्यात कृत्रिम दातांचे दोन खुंट स्वतःच बसविले. दंतवैद्य जवळ उभे होते, पण त्यांनी हात लाविला नाही. येथे प्रश्न खरोखर अवघड होतो. काम बिघडते तर जाब कोणास विचारावयाचा? यंत्रास ना लाज, ना पश्चात्ताप. आमच्या मते ज्याने मोजमाप घेऊन यंत्र चालू केले, तोच उत्तरदायी. "यंत्राने केले" ही सबब कोणाचीही ऐकू नये. गरीब मनुष्य तर भिडेने काहीच न विचारता कागदावर अंगठा उठवितो! त्याने आधी खुशाल विचारावे की, डॉक्टरसाहेब, यंत्रापाशी कोण बसणार, आणि ते मध्येच अडले तर हाताने काम पुरे करणारा जवळ असेल ना?